आरोग्य समितीत माझं नाव होतं, मलाच माहीत नव्हतं

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. एवढं लांब नाव, पण गावात कुणालाही विचारा, असलं काही नाही आमच्याकडे म्हणून सांगतील. मला तरी कुठे माहीत होतं, बचत गटातली एक बाई लागते म्हणून कुणीतरी माझं नाव टाकलेलं आणि ते मला कळलं कधी तर एका संस्थेच्या ताई गावात आल्या आणि रजिस्टर उघडून नावं वाचायला लागल्या तेव्हा. सही पण होती म्हणे माझी.

हे २०११-१२ च्या आसपासचं. आम्ही पुणे जिल्ह्यातले, डोंगराकडचे. लोकाधारित देखरेख आणि नियोजन म्हणून एक काम महाराष्ट्रात २००७ ला पाच जिल्ह्यांत सुरू झालं होतं, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, ठाणे आणि पुणे. पैसे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचेच, म्हणजे सरकारच म्हणत होतं की आमच्या दवाखान्यावर लक्ष ठेवा.

पहिलं काम गावाचं रिपोर्ट कार्ड. सिस्टर गावात येतात का, लसीकरण वेळेवर होतं का, औषध बाहेरच्या मेडिकलमधून आणायला लावतात का, बाळंतपणाला पैसे मागतात का असे प्रश्न आणि प्रत्येकाला रंग द्यायचा, हिरवा पिवळा लाल, म्हणजे वाचता न येणारीलाही कळतं. मला वाटलं तासाभरात उरकेल. पण सिस्टरच्या रंगावरून जी भांडणं झाली! एक मावशी म्हणाल्या लाल द्या, महिना झाला तोंड दाखवलं नाही. दुसरी म्हणते अगं बिचारीकडे किती वाड्या आहेत, पावसात रस्ता बंद असतो, ती चांगलीच आहे. मग कुणीतरी बोललं की आपण बाईला रंग देतोय का सेवेला? तिथून खरी चर्चा सुरू झाली आणि लाल दिला, पण शेजारी लिहिलं की वाड्या जास्त आहेत, अजून एक माणूस द्या. बाहेरून आलेल्या कुणी फॉर्म भरला असता तर हे वाक्य त्यात आलंच नसतं.

मग जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर लोकांनी उघडपणे तक्रारी मांडायच्या. टीएचओ साहेब म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी, डॉक्टर, पंचायत समितीचे लोक सगळे समोर बसलेले आणि आम्ही खाली सतरंजीवर. आधी पुरुषच उठून उठून बोलले, तेही रस्ता आणि लाईटवर. ज्यांच्याकडे केसपेपर आणि मेडिकलचं बिल होतं त्यांचं मात्र लगेच ऐकलं गेलं. नुसतं औषध मिळत नाही म्हटलं की उत्तर ठरलेलं, वरूनच येत नाही. पण एका आजींनी कागद पुढे केला, या तारखेला हे औषध बाहेरून घेतलं, तर डॉक्टरांना स्टॉक रजिस्टर मागवावंच लागलं. त्यानंतर औषधांच्या साठ्याचा फळा लागला बाहेर. रोज भरत नाहीत तो, पण आहे.

सगळे जनसुनवाईचंच कौतुक करतात. पेपरात फोटो येतो, लोकांना मोकळं वाटतं. माझं मत वेगळं आहे, पैसा कुठे खर्च करायचा हे जिथे ठरतं तिथे आपण नसलो तर पुढच्या वर्षी त्याच तक्रारी घेऊन परत सतरंजीवर बसायचं. ती जागा म्हणजे रुग्ण कल्याण समिती, सरकारी दवाखान्याचा निधी कशावर खर्चायचा ते ठरवणारी. तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला समितीचे १ लाख, देखभालीचे ५० हजार आणि अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे वापरायचा, २५ हजार, म्हणजे पावणेदोन लाख. गावाच्या समितीला वेगळे १० हजारांपर्यंत. आमच्याकडे मिटिंग होत नव्हती, सह्यांसाठी रजिस्टर घरोघरी फिरायचं. आम्ही बाया दवाखान्यातच जाऊन बसलो, मागच्या वर्षीचा खर्च दाखवा म्हणून. रंगकाम, पडदे, झेरॉक्स. अहो बाळंतिणीला अंघोळीला गरम पाणी नाही, बायकांच्या संडासाला आतून कडी नाही आणि पडदे कसले!

कडी लागली, गिझर आला, बसायला बाकडी आली. त्यासाठी भांडावं नाही लागलं फार, डॉक्टर चांगले होते आणि त्यांनाही कुणी विचारत नव्हतं काय हवंय ते. भांडण झालं ते वेळेवरून. निधी उशिरा यायचा आणि मार्चच्या आत संपवायचा, मग फेब्रुवारीत जे पटकन मिळेल ते आणायचं असा प्रकार. म्हणून आम्ही यादी आधीच करायला लागलो, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मागण्या आणि २ ऑक्टोबरला ठराव, कारण जिल्ह्याचा पुढच्या वर्षाचा आराखडा तेव्हा दिवाळीनंतर बनायला लागायचा आणि एकदा तो मुंबईला गेला की मग आमच्या ठरावाला कोण विचारणार.

आता जे झालं नाही ते पण सांगते. जादा सिस्टरचं पद काही मिळालं नाही. ते ना डॉक्टरच्या हातात ना टीएचओच्या, रुग्ण कल्याणच्या पैशातून पद भरता येत नाही. ठराव झेडपीला पाठवला, उत्तर नाही, परत पाठवला. कुणी नवीन समितीत आलं असेल तर एवढंच करा, ठराव दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्याच, आमच्या पहिल्या ठरावाला तो होता म्हणून तर दुसऱ्यांदा गेल्यावर असं काही आलंच नाही म्हणता आलं नाही त्यांना.