शेजाऱ्याची ढाल

ग्रीक हॉप्लाइटची, म्हणजे ढाल-भाला घेऊन रांगेत लढणाऱ्या पायदळ सैनिकाची, ढाल मागच्या बाजूनं बघायला हवी. पुढून ती नुसती गोल आणि चकचकीत, फार तर एखादा कोंबडा किंवा साप रंगवलेला. खरी करामत पाठीमागे आहे. मधोमध ब्राँझचा रुंद पट्टा. त्यातून डावा हात कोपरापर्यंत आत सरकवायचा. कडेला दोरीची मूठ. ती पंजात धरायची. ढालीचा व्यास ८० ते १०० सेंटिमीटर, वजन ६ ते ८ किलो. एका मुठीवर पेलायचं म्हटलं तर मनगट थोड्याच वेळात थकेल. दोन ठिकाणी धरल्यामुळे भार अख्ख्या हातावर वाटला जातो. शिवाय ढाल परातीसारखी खोलगट असल्यामुळे तिची वरची कड खांद्यावर टेकवून हाताला जरा उसंतही देता येते.

लाकूड पॉपलरचं किंवा विलोचं, म्हणजे हलकं आणि घाव बसला तरी सहसा उभं न चिरणारं. मध्ये जाडी जेमतेम सेंटिमीटरभर, वळणाशी जास्त. बाहेरून ब्राँझचा पत्रा, तोही मिलिमीटरपेक्षा पातळ. त्यामुळे जोरात मारलेला भाला ही ढाल फोडू शकायचा. स्पार्टाचा सेनापती ब्रासिडास एकदा असाच ढालीतून आरपार जखमी झाला. कसं लागलं, असं विचारल्यावर ‘ढालीनं दगा दिला’ एवढंच तो म्हणाला, असं सांगतात.

पण या पकडीत एक मोठी गोम आहे. हात मधोमध अडकला की ढालीचा डावा अर्धा भाग आपल्या अंगाबाहेर जातो. तो आपल्या काहीच कामाचा नाही. त्याच्या आड डावीकडच्या माणसाची उजवी बाजू झाकली जाते. आपली उजवी बाजू, जिकडे भाला धरलेला आहे ती, उघडीच. तिला आडोसा उजवीकडच्या माणसाच्या ढालीचा. ग्रीकांच्या शौर्याबद्दल जे काही म्हणायचं ते मला इथूनच सुरू करावंसं वाटतं. डेमारेटस या स्पार्टाच्या राजाला कुणी तरी विचारलं होतं, की शिरस्त्राण किंवा चिलखत टाकून पळालं तर तुमच्याकडे चालतं, मग ढाल टाकणाऱ्यालाच बेअब्रू का करता? तो म्हणाला, त्या दोन्ही वस्तू माणूस स्वतःसाठी घालतो, ढाल सगळ्या रांगेसाठी धरतो.

आता अशी माणसं आठ-आठ रांगा खोल उभी करा आणि चालायला सांगा. सगळी फळी हळूहळू उजवीकडे सरकू लागते. प्रत्येकाला आपली उघडी बाजू शेजाऱ्याच्या ढालीआड खुपसायची असते. सुरुवात अगदी उजव्या टोकाचा माणूस करतो, कारण त्याच्या उजवीकडे कुणीच नसतं. तो उघड्या बाजूनं शत्रूपासून लांब जाऊ बघतो आणि बाकीचे त्याच्यामागे ओढले जातात. हे भित्र्यांपुरतं नव्हतं. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस म्हणतो, सगळ्याच सैन्यांचं असं होतं. स्पार्टाचे लोक बासरीवाल्यांच्या तालावर संथ चालत, त्याचंही कारण तो हेच देतो: देवाधर्मासाठी नव्हे, पावलं जुळावीत आणि रांग फुटू नये म्हणून.

इ.स.पू. ४१८ मध्ये मॅन्टिनियाला स्पार्टाचा राजा एजिस यानं ही सरक ऐन वेळी दुरुस्त करायचं ठरवलं. डावीकडच्या तुकड्यांना त्यानं आणखी डावीकडे जायला सांगितलं आणि मध्ये पडणारी फट भरायला उजवीकडून दोन तुकड्या मागवल्या. डावीकडचे हलले. उजवीकडचे दोन सरदार, हिप्पोनोइडास आणि ॲरिस्टोक्लीस, हललेच नाहीत. फटीतून शत्रू आत घुसला. लढाई स्पार्टानं जिंकली खरी, पण त्या दोघांना भित्रे ठरवून हद्दपार केलं. ते पळाले नव्हते की त्यांनी ढाल टाकली नव्हती. हव्या त्या जागी ते नव्हते, एवढाच गुन्हा. (एजिसचा हुकूम वेडगळ होता, हे माझं मत. शत्रू समोरून चालून येत असताना कुणी रांग पुन्हा मांडायला घेतं का?)

संख्येनं जास्त असलेल्या शत्रूपुढे या रांगेचं काय होतं, ते मॅरेथॉनच्या लढाईत दिसतं. इ.स.पू. ४९० मध्ये अथेन्सचे सुमारे ९००० आणि प्लाटियाचे १००० होते. इराणी फळी लांब, तेवढंच लांब व्हायचं तर कुठे तरी पातळ व्हावं लागणार. ग्रीकांनी मध्यावर थोड्याच रांगा ठेवल्या आणि दोन्ही बाजू भक्कम केल्या. मधली फळी फुटलीच. बाजूंनी मात्र समोरच्यांना पळवलं आणि पाठलाग न करता, वळून, मध्य फोडून आत आलेल्यांना गाठलं. समोर पळणारा शत्रू सोडून द्यायचा, हे मला पुढे धावून जाण्यापेक्षा कितीतरी अवघड वाटतं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचा आकडा असा: अथेन्सचे १९२ मेले, इराणी ६४००.

थर्मोपिलीच्या खिंडीत, इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांशीच लढताना, जागेनंच अर्धं काम केलं. डोंगर आणि समुद्र यांच्यामधली वाट अरुंद जागी जेमतेम पंधरा मीटर. माणशी नव्वद सेंटिमीटर धरले तर पहिल्या रांगेत फक्त सोळा माणसं मावतात, मग पलीकडे कितीही लाख असोत. इराण्यांचे भाले आखूड होते, म्हणून ग्रीकांचं टोक आधी पोचायचं. गावागावांच्या तुकड्या पाळीपाळीनं लढत. स्पार्टाचे तीनशेच लढले ही समजूत सोडून द्यावी, सुरुवातीला हजारो होते. शेवटच्या दिवशी स्पार्टाचा राजा लिओनिदास याच्या तीनशेंबरोबर थेस्पियाचे ७०० जण आपखुशीनं थांबले आणि मेले. पुढच्या वर्षी प्लाटियाच्या लढाईला थेस्पियाचे १८०० आले, पण पूर्ण शस्त्रसाज त्यांच्यातल्या एकाकडेही नव्हता. त्या छोट्या गावाचं ढाल धरणारं पायदळ खिंडीतच संपलं होतं.

खिंड गेली ती ग्रीकांच्या पाठीमागे उतरणाऱ्या डोंगरावरच्या पायवाटेमुळे. तिथे फोकिस या ग्रीक प्रदेशाचे १००० जण पहाऱ्यावर होते. पहाटे ओकच्या पाल्याचा चुरचुराट ऐकून ते उठले, शस्त्रं चढवली, आणि बाणांचा वर्षाव होताच शिखरावर जाऊन मरायच्या तयारीनं उभे राहिले. आपल्यावरच हल्ला आहे असं त्यांना वाटलं. इराण्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मोकळ्या वाटेनं ते खाली उतरले. मरायची तयारी पुरेपूर होती, पण ती वाटेवर हवी होती.

याच हिशेबात ॲरिस्टोडेमसची कथा बसते. लिओनिदासच्या तीनशेंपैकी तो आणि युरिटस दोघं डोळ्यांच्या आजारामुळे खिंडीबाहेर होते. युरिटसनं आंधळेपणीच शस्त्रं मागितली, दासाचा हात धरून लढाईत गेला आणि मेला. ॲरिस्टोडेमस घरी परतला. स्पार्टात त्याला कुणी चूल पेटवायला विस्तव देईना, कुणी बोलेना. वर्षभरानं प्लाटियाला तो रांग सोडून पुढे धावला, बेफाम लढला आणि मेला. लढाईनंतर सर्वांत शूर कोण याची चर्चा झाली तेव्हा स्पार्टाच्या लोकांनी पोसिडोनियसचं नाव घेतलं: हा मरायची इच्छा नसताना चांगला लढला. ॲरिस्टोडेमसला मरायचंच होतं आणि त्यानं रांग सोडली, म्हणून त्याला मानही मिळाला नाही. हेरोडोटसच्या मते खरा शूर ॲरिस्टोडेमसच, आणि निकालामागे मत्सरही असू शकेल. असेलही. पण त्या दिवशी ॲरिस्टोडेमसच्या डावीकडे जो कुणी उभा होता, त्याची उजवी बाजू उघडी पडली होती. मत द्यायचंच झालं तर मी त्याला विचारून देईन.