दोन ते चारचा पहारा

पंचवटीतल्या आमच्या विठ्ठल मंदिराचा अखंड हरिनाम सप्ताह चैत्रात असतो. काल्याची तिथी ठरलेली, शुद्ध दशमी. दुसऱ्या दिवशी कामदा एकादशीला काळाराम मंदिरातून रामरथ आणि गरुडरथ निघतात. सगळी पंचवटी रथाला, त्यात उपवास, म्हणून महाप्रसाद दशमीलाच उरकायचा. तिथून पंचांग उलटं मोजत गेलं की सुरुवात तृतीयेला येते. मध्ये एखाद्या तिथीचा क्षय असला तर द्वितीयेलाच कलश मांडावा लागतो. ध्वजपूजन, ग्रंथपूजन, पाहुण्यांना नारळ-उपरणं हे रीतीप्रमाणे होतं.

सप्ताहाचा जीव वीणेत असतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. दोन तासांचा एक पहारा, दिवसाचे १२, सप्ताहाचे ८४. वीणेकऱ्याने बसायचं नाही, नामाखेरीज बोलायचं नाही. जागच्या जागी फेऱ्या मारल्या तर चालतं. पहारा बदलताना नवा माणूस आधी वीणेला नमस्कार करतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, आणि एकाच्या गळ्यातला पट्टा सुटायच्या आत दुसऱ्याने दांडी धरलेली असते. घोळ होतो तो इथेच. पट्टा तुळशीच्या माळेत अडकतो, ओढाताणीत खुंटीला धक्का बसतो आणि तार उतरते. म्हणून पट्टा काढण्याआधी माळ सदऱ्याच्या आत घालायची, हे नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवलेलं बरं.

वीणा गल्लीतल्या कोणीही घ्यावी, जात विचारायची नाही, हा आमच्या मंडळाचा नियम आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह सुरू करावा लागला, तो याच पंचवटीत. इथल्या मंडळाने हा नियम नुसता पाळून भागत नाही, तो मोठ्याने सांगितलाही पाहिजे.

पहाऱ्याच्या तक्त्यात सकाळचे रकाने पाडव्यालाच भरतात. रात्री दोन ते चारचा रकाना मात्र शेवटपर्यंत कोरा. त्या वेळेला दोघे लागतात, एक वीणेला आणि एक टाळाला, म्हणजे डुलकी लागत नाही. काल्याच्या पंगतीला मांडव अपुरा पडतो, आणि या दोन तासांना चौदा माणसं जमवताना दारोदार फिरावं लागतं. याचं वाईट वाटतं. सिडकोत, पाथर्डी फाट्याला राहायला गेलेले जुने शेजारी गाडी काढून रात्री येतात. मंदिराला भिंत लागून ज्यांची घरं आहेत, त्यांनी तरी विचार करावा.

पारायणाची वाटणी अनुभवानेच जमते. ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय, ओव्या ९००० च्या वर, पण अध्याय सारखे नाहीत. एकट्या अठराव्यातच १८०० च्या वर ओव्या आहेत. तो एका सकाळी उरकायला घेतला की वाचक धावतात आणि व्यासपीठावरच्या महाराजांना मागे पडलेल्यांसाठी थांबावं लागतं. म्हणून तो दोन दिवसांत वाटून दिलेला चांगला. मृदंगाचं दुखणं चैत्रातल्या उन्हाचं. धुमेला, म्हणजे मृदंगाच्या डाव्या, खर्जाच्या तोंडाला, लावलेली कणीक पंख्याच्या वाऱ्याने वाळते, कडेने सुटते आणि आवाज पोकळ होतो. पंखा मृदंगावर येऊ द्यायचा नाही आणि दोन अभंगांमध्ये ओलं फडकं ठेवायचं, एवढं केलं की कीर्तन निभतं.

नवमीचं रामजन्माचं कीर्तन दहाला उभं राहतं. जन्म बाराच्या ठोक्याला झाला पाहिजे. नवखे महाराज विश्वामित्रापर्यंत जाऊन पोचतात आणि मग मागे फिरतात. जाणते साडेअकराला अयोध्येतच असतात. पावणेबाराला मृदंग ठाय, म्हणजे संथ, लयीत येतो, टाळकरी टाळ दाबून धरतात. बाराला गुलाल-फुलं उधळतात, पाळण्याची दोरी हलते, आणि मग पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बाया पाळणा धरतात. त्यांचा सूर पेटीला विचारून लागत नाही. पेटीवाल्याने दोन पट्ट्या चाचपून त्यांच्या मागे जायचं, माइक बंद ठेवायचा. सप्ताहात मोठमोठे कीर्तनकार येतात, पण दरवर्षी डोळ्यांत पाणी येतं ते या पाळण्याला. तिसऱ्या कडव्याला शब्द विसरतात, कोणीतरी मागून उचलून देतं, सुना-नाती त्यात मिसळतात. सुंठवडा तोवर वाटायचा नाही. एक किलो पिठीसाखरेला अर्धा किलो सुकं खोबरं आणि शंभर ग्रॅम सुंठ. सुंठ वाढली की मुलं थुंकून टाकतात.

काल्याचं दही नवमीच्या रात्री उशिरा विरजायचं, उन्हाळ्यात संध्याकाळी लावलं तर सकाळी आंबट. लाह्या, पोहे, काकडी आयत्या वेळी.

आता ज्यांच्यावाचून काही होत नाही ते. फुकट मांडव देणारे आणि पाऊस आला तर ताडपत्री ओढायला पहाटे येणारे मांडववाले. आचारी आणि त्यांच्या हाताखालची मुलं. पोळ्या लाटणाऱ्या मावश्या, भाजी निवडणाऱ्या आज्या. टँकरवाले दादा. माइकवाले, जे रात्री दहाला बाहेरचे कर्णे न सांगता बंद करतात. चपला सांभाळणारी शाळकरी मुलं. हारवाल्या ताई, ज्या पैसे घेत नाहीत. वर्गणीची वही सांभाळणारे गुरुजी. काकड्याला रोज येणारे सात-आठ जण. पंगत उठल्यावर पत्रावळी गोळा करणारे आणि रस्ता धुणारे; यांचे आभार माइकवरून मानायचे राहतात, म्हणून इथे आधीच मानले. आणि हो, वीणेची तार रात्री तुटली तर झोपेतून उठून येणारे वाद्यवाले काका.

पुढच्या पहाऱ्यांची वही पाडव्याला सकाळी मंदिरात उघडेल. दोन ते चारचा रकाना आधी भरू, मग बाकीचे.