मात्रा मोजायच्या की अक्षरं

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून ग्रुपवर मेसेजवर मेसेज यायला लागले, आणि मला तर मराठीच्या सरांचा कवितेच्या वृत्ताचा तासच आठवला. आमच्या वेळी परीक्षेला 'गण पाडून वृत्त ओळखा' यायचंच. गण म्हणजे लघु (ऱ्हस्व) आणि गुरु (दीर्घ) अक्षरांचे तीन-तीनचे गट, ते लक्षात ठेवायला पोरं यमाताराजभानसलगं हे सूत्र घोकायची, भुजंगप्रयात वृत्त म्हणजे चार य गण, बारा अक्षरं, लिहून मोकळी. सरांना हे अजिबात पटायचं नाही. आधी कविता म्हणा, टेबलावर ठेका धरा, लघु-गुरुच्या खुणा नंतर.

एकदा त्यांनी फळ्याच्या एका बाजूला बालकवी लिहिले, दुसऱ्या बाजूला बहिणाबाई. एक धरणगावचे, एक आसोद्याच्या, जन्म 1890 आणि 1880, म्हणजे दोघं आपल्याच जळगाव जिल्ह्यातले आणि जवळपास एकाच काळातले, पण हिशोब पूर्ण वेगळा! 'श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे' यात मात्रा मोजायच्या, लघु अक्षराची एक, गुरुची दोन, म्हणजे आठ-आठ-आठ-सहा, एकूण 30. हर्ष मधला ह पुढच्या र्ष या जोडाक्षरामुळे गुरु होतो, तो लघु धरला की एक मात्रा कमी पडते. पुढची ओळ 'क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे', तीही बरोबर 30, शेवटी कडे-पडे यमक.

आणि 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर'? इथे लघु-गुरुचं कामच नाही, नुसती अक्षरं मोजा, आठ आणि आठ. ल्ह्या कितीही जड दिसला तरी अक्षर एकच. पुढे 'आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर', परत आठ-आठ, यमक फक्त दुसऱ्या-चौथ्या चरणात, चुल्ह्यावर-भाकर, चटके मोकळंच सोडलंय. तुकोबांच्या 'जे का रंजले गांजले' मधेही आठच, पण तिथे लगेच पुढच्या चरणाला यमक.

मी घरी आईच्या जात्यावरच्या ओव्या मोजून बघितल्या तर कुठे नऊ, कुठे अकरा. सर म्हणाले, बरोबर आहे भो, गाताना कमी पडलं तर ताणतात, जास्त झालं तर कोंबतात. मग लिहिता न येणाऱ्या बहिणाबाईंचं असं चोख आठ कसं पडलं, याचं मला अजून नवल वाटतं. मुलाने वगैरे लिहून ठेवलं म्हणून 1952 ला पुस्तक तरी निघालं, त्या गेल्यावर.

तेव्हापासून बोटांना सवय लागली ती लागलीच. ग्रुपवर कुणी वाढदिवसाची चारोळी टाकली की मी मोजतो, सात-दहा-आठ-नऊ निघालं की तसं लिहूनही टाकतो, त्यामुळे माझ्या वाढदिवसाला आता नुसता केकचा फोटो येतो.