हंगेरियनमध्ये आनंदी माणसांचं वर्णन: चार ठिकाणच्या ‘नॅक’चा माझा अनुभव

नवशिक्यांच्या पुस्तकात ‘बोल्दोग म्हणजे आनंदी’ एवढं सांगून धडा संपतो, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. शब्द कळतो, पण समोर चित्र ठेवून ‘या माणसांचं वर्णन करा’ म्हटलं की तेवढ्या भांडवलावर दुसरं वाक्यसुद्धा होत नाही. आनंदी माणसांबद्दल बोलायला लागणारं जे व्याकरण कुठेच एकत्र सापडलं नाही, विशेषतः ‘नॅक’ हा प्रत्यय, ते इथे एकत्र मांडते आहे.

उच्चारांचं आधी. खाली लिहिताना ‘ऑ’ आणि ‘ओ’ वेगळे ठेवले आहेत, बोलतानाही वेगळेच ठेवा. त, द दंत्य, म्हणजे आपलेच. इंग्रजी वळणाचे ट, ड नकोत. जोर कायम पहिल्या अक्षरावर. ‘ओरुल’ (आनंद होणे) मधला ओ म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला ए, आणि त्यातला उ म्हणजे ओठ गोल करून म्हटलेली इ, देवनागरीत याहून जवळ जाता येत नाही.

‘आहे’ची अडचण दोन दिवसांत सुटते. तिसऱ्या पुरुषात विशेषणापुढे ‘वॉन’ येतच नाही: ऑ लान्य बोल्दोग, मुलगी आनंदी. मी असेन तर बोल्दोग वॉद्योक. भूतकाळात ‘वोल्त’, भविष्यात ‘लॅस’ घालावंच लागतं. जागा सांगायची असली की वॉन परत येतं: ऑ लान्य इत्त वॉन, मुलगी इथे आहे. तो आणि ती दोघांना एकच ‘ओ’, त्यामुळे लिंगाची चिंता नाही.

आता खरी अडकण्याची जागा. नॉक आणि नॅक हा एकच प्रत्यय आहे, शब्दातल्या स्वरांप्रमाणे रूप बदलतो. पुस्तकं त्याचा अर्थ ‘ला’ असा देतात आणि पुढे जातात. आनंदाबद्दल बोलताना मात्र हे रूप चार वेगवेगळ्या ठिकाणी दिसतं. त्यातल्या एकाच ठिकाणी मराठीचा ‘ला’ कामाला येतो, उरलेल्या तिन्ही ठिकाणी तो फसवतो.

पहिली जागा, आनंदाचं कारण. ‘ओरुल’ म्हणजे आनंद होणे. मराठीत ‘पीटरला पत्राचा आनंद झाला’ म्हणताना ‘ला’ पीटरला लागतो. हंगेरियनमध्ये पीटर मोकळा राहतो आणि प्रत्यय पत्राला लागतो: पेतॅर ओरुल ऑ लॅवेलनॅक. मराठी डोक्याने विचार केला की पेतॅरनॅक ओरुल असं तोंडात येतं, आणि ऐकणाऱ्याला कळतं की पीटरमुळे कुणाला तरी आनंद झाला. अर्थ पार उलटा होतो, म्हणून या चुकीवर आधी काम करा.

दुसरी जागा, ‘ते’चं क्रियापद. अनेकवचनी क्रियापदाचा प्रत्ययही दिसायला हुबेहूब तसाच: ओरुलनॅक, नॅवॅतनॅक (हसतात), मोशोयोगनॉक (स्मित करतात). त्याचा विभक्तीशी काडीचाही संबंध नाही. मग असं वाक्य तयार होतं: ऑ द्यॅरॅकॅक ओरुलनॅक ऑ लॅवेलनॅक, मुलांना पत्राचा आनंद झालाय. पहिलं नॅक क्रियापदाचं, दुसरं कारणाचं. वाचताना दोन्हींखाली वेगवेगळ्या रंगाची रेघ मारा, आठवड्याभरात डोळा बसतो.

तिसरी जागा, मूड. ‘यो कॅद्वॅ वॉन’ म्हणजे मूड चांगला असणे. इथे प्रत्यय माणसालाच लागतो: पेतॅरनॅक यो कॅद्वॅ वॉन. मराठीशी जुळणारी हीच ती जागा, आणि इथे वॉन लागतंच. याच अर्थाचं विशेषण वापरलं, ‘पेतॅर योकॅद्वू’, की नॅकही गेलं आणि वॉनही गेलं. दोन्ही वाक्यं बरोबर, पण त्यांची सरमिसळ चालत नाही. माझ्याबद्दल बोलताना यो कॅद्वॅम वॉन, तुझ्याबद्दल यो कॅद्वॅद वॉन.

चौथी जागा, ‘दिसतो’. चित्रातला माणूस खरंच आनंदी आहे की नाही हे आपल्याला कुठे ठाऊक असतं, म्हणून चित्रवर्णनात ही रचना फार लागते: ऑन्नॉ बोल्दोगनॉक लात्सिक, ॲना आनंदी दिसते. इथे प्रत्यय चक्क विशेषणालाच लागतो. हे पहिल्या महिन्यातच शिकवायला हवं. बहुतेक ठिकाणी ते खूप पुढे ढकलतात, त्यामागचं कारण मला पटत नाही.

नॉक की नॅक, हे कसं ठरवायचं? शब्दात ऑ, आ, साधे ओ, उ असे मागचे (जीभ मागे ठेवून म्हटलेले) स्वर असले तर नॉक. ॲ, ए, इ आणि ‘ओरुल’मधले ते गोल ओठांचे ओ, उ असले तर नॅक. मिश्र शब्दात बहुधा मागचा स्वर जिंकतो: ऑयान्देक (भेटवस्तू) चं ऑयान्देकनॉक. शेवटी ऱ्हस्व ऑ किंवा ॲ असला तर तो आधी दीर्घ होतो: ऑल्मॉ (सफरचंद) चं ऑल्मानॉक, मॅशॅ (गोष्ट) चं मॅशेनॅक. आपल्या नावांनाही हाच नियम लागतो: सुनीतानॉक, मिलिंदनॅक. घरातल्या नावांवर सराव केला तर नियम लवकर बसतो.

क्रियापद कधीही एकटं पाठ करू नका, प्रश्नासकट करा. मिनॅक ओरुल? म्हणजे कशाचा आनंद? उत्तराला कोणता प्रत्यय लागणार ते प्रश्नातच दिसतं. तसंच मिन नॅवॅत? (कशावर हसतो), किरॅ मोशोयोग? (कुणाकडे पाहून स्मित करतो), मिवॅल ॲलेगॅदॅत्त? (कशावर समाधानी). हंगेरियन शब्दकोशात क्रियापदाशेजारी व्मिनॅक, व्मिन अशी संक्षिप्त रूपं असतात, ती हेच सांगतात. नवशिके ती ओलांडून जातात आणि नेमकी कामाची माहिती तिथेच राहते. कारण म्हणून अख्खं वाक्य असेल तर प्रत्ययाची कटकटच नाही, ‘होद्य’ लावा: ओरुलोक, होद्य इत्त वॉद्य, तू इथे आहेस याचा आनंद आहे.

संख्या आली की सगळं एकवचनात जातं. दोन मुलं हसतात, तरी केत द्यॅरॅक नॅवॅत. नामही एकवचनी, क्रियापदही. ‘शोक’ म्हणजे पुष्कळ, त्याच्यापुढेही एकवचनच. आपल्या सवयीने ‘मुलं’ म्हणून अनेकवचन लावलं की चुकलंच.

विशेषण नामाआधी असलं तर बदलत नाही: बोल्दोग द्यॅरॅकॅक. विधान म्हणून आलं तर अनेकवचन घेतं: ऑ द्यॅरॅकॅक बोल्दोगोक. मागच्या स्वरांच्या बहुतेक विशेषणांना ‘ऑक’ लागतो, म्हणून विदाम (उत्साही, हसतमुख) चं विदामॉक. बोल्दोग हा अपवाद, त्याला ‘ओक’. नॉद्य (मोठा), फिऑतॉल (तरुण), गॉझ्दॉग (श्रीमंत) हे त्याचे सोबती. हे चारही एकत्र पाठ करा.

दिलासा एकाच गोष्टीचा. हंगेरियन क्रियापदांना रूपांचे दोन संच असतात, एक निश्चित कर्मासाठी आणि एक एरवीसाठी. ओरुल, नॅवॅत, मोशोयोग यांना कर्म लागत नाही, त्यामुळे आनंदी माणसांपुरता पहिला संच बाजूला ठेवता येतो. फक्त मोशोयोगचं ‘मी’चं रूप बघून ठेवा: मोशोय्गोक, मधला ओ गळतो.

शुभेच्छांमध्ये बोल्दोगच्या पुढच्या नामाला त लागतो: बोल्दोग नेव्नॉपोत (नामदिनाच्या, म्हणजे आपल्या नावाच्या ठरलेल्या दिवसाच्या, शुभेच्छा), बोल्दोग ऊय एवॅत (नववर्षाच्या). शेवटचं ‘किवानोक’, म्हणजे इच्छितो, गाळलेलं असतं आणि तो त त्याच्या कर्माचा. हंगेरियन कॅलेंडरवर जवळजवळ रोज एक-दोन नावं छापलेली असतात. ओळखीच्या माणसाचं नाव त्यात शोधून त्या दिवशी हे म्हणता येतं, आणि उत्तर बहुधा ‘कोसोनोम’ असं येतं, म्हणजे धन्यवाद.