वजनकाट्यावरचा हिवाळा: नोव्हेंबर ते संक्रांत

गेल्या हिवाळ्यात माझ्या अकरा कुंड्यांपैकी चार गेल्या. त्याही कुठल्या, तर नर्सरीवाल्याने "ही मरतच नाहीत, ताई" म्हणून गळ्यात मारलेल्या: दोन झीझी, एक स्नेक प्लांट, एक एग्लोनिमा. म्हणून यंदा वही घातली. मुक्काम ठाणे, पोखरण रोड नंबर दोन, सातवा मजला, मागे येऊरचा डोंगर, गॅलरी उत्तरेची.

उत्तरेचं आधी सांगते, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे शून्य सावलीचे, म्हणजे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येण्याचे, दोन दिवस येतात, एक मेच्या मध्याला, दुसरा जुलैच्या अखेरीस. त्यांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्यावरून जरासा उत्तरेकडे झुकलेला असतो, म्हणून पावसाने उघडीप दिली की माझ्या गॅलरीत ऊन येतं. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीही दक्षिणेला, क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपास. मला उन्हाचा कवडसासुद्धा नाही, आणि दिवस जेमतेम ११ तासांचा. झाडाची भूक मंदावते, तहानही. आपला तांब्या मात्र तेवढाच राहतो. गारठ्याचं म्हणाल तर गॅलरीतल्या थर्मामीटरवर पहाटे १६-१७ दिसतात, येऊरकडून वारा सुटला की एखाद दिवशी १४. एवढ्याने स्नेक प्लांटला काही होत नाही. एग्लोनिमाला होतं, त्यावर पुढे.

९ नोव्हेंबर. उरलेल्या एकुलत्या झीझीची एक काठी पिवळी पडून लोळली. वरचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) बोटाला कोरडं ठणठणीत, म्हणून मी आदल्याच दिवशी पाणी घातलेलं. कुंडी उलटी केली तर मधोमध लाल मातीचा गोळा, मळून ठेवलेल्या कणकेसारखा ओला, नि गटारासारखा वास. आपल्या नर्सऱ्यांत बरीच रोपं राजमुंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. प्रवासात मुळं सुटू नयेत म्हणून रोपं अशी चिकट मातीत बांधलेली असतात. आपण घरी आणतो, गोळ्यासकट कुंडीत ठेवतो, भोवती छान भुसभुशीत मिश्रण भरतो. बोट त्या मिश्रणातच जातं. गोळ्याचं त्याला कळतच नाही. गेल्या वर्षीच्या चौघांचा उलगडा तिथे झाला.

झीझीचे कंद बटाट्यासारखे असतात, पाणी साठवायलाच. तीनपैकी एक अंगठ्याने दाबला तर आत गेला. तो कापून टाकला, गोळा बादलीत भिजवून सोडवला, उरलेले दोन कंद दोन दिवस कागदावर सुकवले आणि कोकोपीट, पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), जाड रेती समसमान घेऊन लावले. हिवाळ्यात मुळं धुऊ नयेत हे मलाही माहीत आहे, पण सडत असताना फेब्रुवारीची वाट कोण बघणार? धडधाकट झाडांचे गोळे मात्र फेब्रुवारीअखेरीसच सोडवीन.

पडलेल्या काठीची सहा पानं तळाकडून रेतीत खोचून ठेवली.

१२ नोव्हेंबरपासून स्वयंपाकघरातला वजनकाटा गॅलरीत. पद्धत सोपी आहे: पाणी घालायचं, निथळू द्यायचं, वजन लिहायचं. उतरत उतरत आकडा स्थिरावला की ते कोरडं वजन, तोवर तांब्या लांब. सहा इंची कुंडीतला स्नेक प्लांट: ओला १२४० ग्रॅम, कोरडा ८३०. ऑक्टोबरात हेच झाड मी दर आठवड्याला भिजवत होते. डिसेंबरात कोरडं व्हायला २२ दिवस लागले. तो पानांची रंध्रं रात्री उघडतो, दिवसा मिटून घेतो, त्यामुळे पाणी जपूनच खर्चतो. मनीप्लांट ११ दिवस, स्पायडर प्लांट ९. बारा इंची कुंडीतलं रबराचं झाड काट्यावर मावत नाही. तिथे विझलेल्या उदबत्तीची काडी खोलवर खुपसते, दहा मिनिटांनी काढते. काडी ओली, काळपट निघाली तर पाणी नाही.

खरी अडचण वेगळीच होती. सासूबाई पूजेनंतर तांब्यातलं पाणी रोज हाताला येईल त्या कुंडीत घालतात. "आई, नका घालू" म्हणणं जिवावर येतं, आणि पूजेचं पाणी मोरीत कसं ओतायचं, हा त्यांचा मुद्दाही खरा. शेवटी दाराशी अंब्रेला पाम आणून ठेवला. नावाला पाम, भावकी नागरमोथ्याची. पाण्यात पाय बुडवून उभा राहतो. आता सगळं तीर्थ त्याला.

२ डिसेंबर. नवीन खरेदी फक्त एक हिरवा-पांढरा एग्लोनिमा. लाल पानांचा जास्त देखणा, पण जास्त नाजूकही. गेल्या वर्षी उघड्या खिडकीशी ठेवलेल्याची पानं तेलकट काळी पडली होती, म्हणून हा आत, पुस्तकांच्या कपाटावर. रोप घेताना पानांवर चकाकीचा फवारा असेल तर मी घेत नाही. पान उलटून देठाच्या बगलेत कापसासारखी मिलीबग ही कीड आहे का ते बघते आणि कुंडी उचलून बघते. हवा शुद्ध होईल म्हणून मात्र घेऊ नका. ज्यांच्या जोरावर तसं सांगितलं जातं ते नासाचे १९८९चे प्रयोग बंद पेटीत झाले होते, खिडक्या उघड्या टाकलेल्या टू बीएचकेत नाही.

कॅलेडियमची पानं डिसेंबरात गळाली. मेलेलं नाही, झोपलंय. पाणी बंद, कुंडी बाथरूमच्या माळ्यावर.

२८ डिसेंबर. रबराच्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखे फिके ठिपके, मागे बारीक जाळी. लाल कोळी, पानातला रस शोषणारी बारीक कीड. कोरडी हवा आणि रस्त्याच्या कामाची धूळ, दोन्ही त्याच्या पथ्यावर. ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसली, मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, दर पाच-सहा दिवसांनी तीनदा, संध्याकाळी. तेल आधी साबणाच्या चार थेंबांत फेटा, नाहीतर ते वर तरंगतं आणि फवाऱ्यातून नुसतं पाणी येतं.

१४ जानेवारी. खत अजून बंदच. अकराच्या अकरा उभ्या आहेत. रेतीतल्या सहा पानांपैकी दोन कुजली. राहवेना म्हणून तिळगूळ वळून झाल्यावर एक हळूच उपसून बघितलं: कापलेल्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी गाठ. मूळ एकच, केसाएवढं. परत खोचलंय. आता मार्चपर्यंत उपसायचं नाही असं वहीत लिहून ठेवलंय, खाली दोनदा रेघ मारून.