परभणीत बसून समुद्राचं बुलेटिन वाचणारी बाई

मी परभणी जिल्ह्यात कृषी हवामान सल्ल्याचं काम करते, म्हणजे हवामान खात्याचा अंदाज आला की त्यावरून पेरणी कधी, फवारणी कधी हे मराठीत लिहून शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचं. ऐकायला सोपं वाटतं पण जून महिन्यात या खुर्चीवर कुणी बसून दाखवावं.

12 जून 2023, सोमवार. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ घोंगावत होतं, आणि अरबी समुद्राचं पाणी आधीच तापलेलं, वादळ पोसायला साडेसव्वीस डिग्रीच्या वर पाणी लागतं तिथं हे तर तीसच्या आसपास, मग काय, एक्स्ट्रीमली सिव्हियर कॅटेगरीत पोचलं होतं, म्हणजे ताशी 167 किलोमीटरच्या वरचा वारा. बुलेटिनमध्ये समुद्राची स्थिती "फिनॉमिनल". तक्त्यात ही सगळ्यात वरची पायरी, लाटा 14 मीटरच्या वर. खाली मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये वगैरे. आमचा नवीन पोरगा म्हणाला, मॅडम हा पॅरा उडवतो, परभणीत कोण मासे धरायला चाललंय? मी म्हटलं राहू दे, आज मला तोच वाचायचाय.

अकराच्या सुमारास एक काका आले. बाहेर पिकअप उभी, त्यात सरकीच्या पिशव्या, आणि फोनवर ट्रॅक्टरवाला "येऊ का, येऊ का" करून डोकं खातोय. आदल्या रात्री त्यांच्या शिवारात पाऊस पडून गेला होता. काका म्हणे, "मॅडम, बांधाला पानी साचलं व्हतं, डोळ्यानं बघितलं मी. मृग लागलाय, टीव्हीवर दाखवायलेत पाऊस कोकणात आला, वरून समुद्रात येवढं मोठ्ठं वादळ, आता नाही पेरायचं तर कधी?"

मी सकाळी साडेआठचं रीडिंग काढलं, त्यांच्या मंडळात 11 मिलिमीटर. आम्ही सांगतो 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय कोरडवाहू रानात बी टाकू नका, कारण आपली काळी जमीन उन्हाळाभर तापलेली असते, वरचा थर भिजतो, बी फुगतं, मोड येतो आणि खाली ओलच नसते, मग ते जागेवर जळतं. काकांनी खिशातून रुमाल काढला, त्यात रानातली माती बांधून आणलेली! दाबली तर वर ढेकूळ झालं खरं, पण मधून फोडलं तर आत भुगा, कोरडाठाक. बघितलं त्यांनी पण, बोलले काही नाहीत.

मग त्यांनी खरा प्रश्न काढला, आणि तो इतका बरोबर होता की मी खुर्ची पुढं ओढली. "2021 ला गुलाब वादळ आलं तवा माझं सोयाबीन चार दिवस पान्यात व्हतं, तिकडं मांजरा धरणाचे दरवाजे बी उघडले व्हते. ते बी वादळच ना? मग ह्याचं पानी कुठं चाललंय?"

मी स्क्रीनवर वाऱ्याचा नकाशा लावला. गुलाब बंगालच्या उपसागरात तयार झालं, 26 सप्टेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर चढलं आणि जोर कमी झाला तरी त्याचा गाभा तेलंगणातून सरळ आपल्या डोक्यावरून गेला, पुढं अरबी समुद्रात उतरून पुन्हा शाहीन नावाचं वादळ होऊन ओमानला धडकलं. म्हणजे आपण त्याच्या वाटेत होतो. बिपरजॉय पश्चिमेच्या समुद्रातून उत्तरेला, कच्छकडं चाललेलं. आजूबाजूची सगळी वाफ ते स्वतःकडं ओढून घेतं, लग्नात एकाच पंगतीला सगळं वाढून संपावं तसं. आपल्याकडं उरतो पश्चिमेचा वारा, तो पण कोकणात आणि घाटमाथ्यावर ओल टाकून सह्याद्री उतरून येतो, इथं पोचेस्तोवर कोरडा झालेला. म्हणून तर बाहेर नुसती धूळ उडत होती. माझं मत विचाराल तर मराठवाड्यात वादळ किती मोठं हे बघूच नये, कुठल्या समुद्रात आहे आणि तोंड कुठं आहे तेवढं बघावं. टीव्हीवाले नेमकं उलटं करतात.

काकांनी एक बोट कच्छवर ठेवलं, दुसरं आपल्या गावावर, आणि बराच वेळ मधलं अंतर बघत बसले. मग ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. पण पूर्ण ऐकलं असं नाही हां. विहिरीजवळच्या तुकड्यात ठिबकवर सरकी लावली, बाकीचं रान तसंच ठेवलं. "मॅडम, मृग अगदीच कोरा जाऊ द्यायचा नसतो," म्हणाले. यावर मी काय बोलणार, पाणी त्यांचं, रान त्यांचं.

15 जूनला रात्री वादळ जखाऊ बंदराजवळ जमिनीवर आलं. मान्सून 11 तारखेला रत्नागिरीपर्यंत येऊन जो अडकला तो अडकलाच, आणि मग 25 जूनला मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडं एकाच दिवशी पोचला. मधले दिवस फोन इतके आले की चार्जर लावूनच बोलत होते, त्यात निम्मे शिव्या देणारे.

काकांचा पुढचा फोन ऑगस्टमध्ये. पाऊस गायब, सगळ्या देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला तो. "आता कुठल्या समुद्रात काय झालंय?" मी म्हटलं, काका, आता पॅसिफिक, एल निनो. तिकडचं पाणी तापलंय, त्याचा आपल्या पावसावर परिणाम होतो. पलीकडं थोडा वेळ शांतता, मग म्हणे, "जूनमधी गुजरात, आता अमेरिकेकडचा समुद्र. आमच्या गावचा पाऊस आमच्या गावाकडं कधी ठिवता मग?"

हसू आलं, पण उत्तर नव्हतं. त्या आठवड्याच्या सल्ल्यात कापूस-सोयाबीनला संरक्षित पाणी, म्हणजे पीक जगण्यापुरतं पाणी, द्या असं लिहिलं, आणि पुढं "विहिरीत पाणी असेल तर" एवढं माझ्या मनानं टाकलं.