आमची वाटचाल: हजेरीच्या वहीपासून फुटव्यांच्या मोजणीपर्यंत

अभयारण्यांत पसरलेली घाणेरी (लँटाना), वेडी बाभूळ, रानतुळस ही परदेशी झुडपं काढण्याची कामं आमची फर्म मराठवाड्यात घेते. सुरुवातीचा हिशेब मुकादमाच्या वहीतला होता: किती माणसं, किती दिवस, शेवटी किती हेक्टर. आता बिलासोबत जोडलेल्या तक्त्यात तीन आकडे असतात: हेक्टरी मनुष्यतास, झुडपांची दाटी, आणि पावसाळा सरल्यावर शंभर बुंध्यांमागे किती पुन्हा फुटले. तिसरा आकडा नसेल तर पहिले दोन फसवतात.

घाणेरी वरून कापली की बुंध्यातून चहूबाजूंनी फुटवे येतात. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात रुजवलेली पद्धत आम्ही पाळतो. माती थोडी उकरून मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवायचं, म्हणजे मुळांना माती लागत नाही. काम उक्तं दिलं की टोळी कत्तीने वरवर कापत पुढे सरकते, संध्याकाळी तिचंच क्षेत्र सर्वांत मोठं दिसतं, आणि वर्षभरात तिथेच पुन्हा मजुरी मोजावी लागते. म्हणून आम्ही मजुरी रोजंदारीने देतो आणि बक्षीस फुटव्यांच्या तपासणीनंतर.

बीडकडच्या टोळ्यांना ऊसतोडीतल्या टनाच्या हिशेबाची सवय आहे, त्यामुळे वजनावर भाव ठरवा अशी मागणी होते. ते टाळावं. पावसात भिजलेलं झुडूप जड, उन्हाळ्यात तेच हलकं, मेहनत मात्र उन्हाळ्यात जास्त.

दाटी काम सुरू होण्याआधीच मोजायची, नंतर पुरावा उरत नाही. 10 बाय 10 मीटरचा चौकोन आखायचा. हा एक आर, साधारण गुंठाच. त्यातले बुंधे मोजायचे आणि अंगठ्यापेक्षा जाड किती ते वेगळं लिहायचं. झाकलेल्या जमिनीचा अंदाज दोघांनी एकमेकांना न विचारता करायचा. 25 टक्क्यांखाली, 25 ते 50, 50 ते 75 आणि त्यावर असे चार गट पुरतात.

क्षेत्र मोबाइलच्या जीपीएसवर मोजताना छोट्या तुकड्यांत घोटाळा होतो. 20 बाय 20 मीटरच्या तुकड्यात लांबी आणि रुंदी दोन्हींत पाच-पाच मीटरची चूक म्हणजे जवळपास निम्मं क्षेत्र इकडचं तिकडे. तिथे टेपच लावावी. गौताळा औट्रमघाटासारख्या उतारांवर आणखी एक गोष्ट: नकाशा आडवं क्षेत्र दाखवतो. 30 अंशांच्या उतारावर प्रत्यक्ष जमीन त्याहून सुमारे 15 टक्के जास्त असते, ती धरली नाही तर चढावरची टोळी विनाकारण आळशी ठरते.

वेळही फोडून लिहावी. समजा 12 माणसं आठ तास हजर होती आणि 0.4 हेक्टर झालं. हजेरीने हेक्टरी 240 मनुष्यतास. चालत जाणं, पाणी, धार लावणं वगळून प्रत्यक्ष साडेपाच तास कुदळ चालली असेल, तर 165. दोन्ही आकडे हवेत. पहिल्यावर दर ठरतो, दुसऱ्यावर टोळ्यांची तुलना होते. दोहोंतलं अंतर वाढलं तर आधी वाहन कुठे थांबतं ते बघावं, माणसांना बोल लावू नये. दक्षिण आफ्रिकेच्या 1995 पासूनच्या ‘वर्किंग फॉर वॉटर’ या परदेशी झाडं काढण्याच्या कार्यक्रमात प्रजाती, दाटी, झाडाचा आकार यांवरून हेक्टरी मनुष्यदिवस ठरतात आणि पहिली सफाई व नंतरच्या फेऱ्या वेगळ्या धरतात. ही मांडणी घेण्याजोगी आहे. आकडे मात्र आपल्या मुरमावरचेच हवेत.

सगळ्यात मोठा फरक वाफशाने, म्हणजे जमिनीत कामाजोगी ओल असण्याने पडतो. कोरड्या मुरमात कुदळ उसळते आणि मूळ वरच्या वर तुटतं. ओल्या काळ्या मातीत पाय निघत नाही. पावसाची उघडीप मिळाली की चांगलं काम होतं, आणि ते ऊसतोड सुरू होण्याआधी उरकावं लागतं, कारण नंतर टोळ्या मिळत नाहीत. पण नायगाव मयूर अभयारण्यात हाच काळ मोरांच्या विणीचा, आणि लांडोर झुडपाखाली जमिनीवरच अंडी घालते. तिथे झुडूप हलवण्याआधी खालून बघणं सक्तीचं. त्यात जाणारा वेळ तक्त्यात वेगळ्या रकान्यात जातो आणि टोळीचा वेग काढताना धरला जात नाही. घरटं सापडलं तर भोवतालचा पट्टा तसाच सोडून क्षेत्रातूनही कमी करतो.

मोकळ्या जागेत मारवेल, पवना असं चाऱ्याचं गवत टाकलं नाही तर तरोटा आणि गाजर गवत शिरतं. म्हणून फुटवे मोजताना त्याच चौकोनात गवताने किती जमीन धरली तेही लिहितो आणि पुढच्या फेरीची माणसं त्यावरून ठरवतो.